प्रेशर न घेणारं यूटीएम: आमच्या स्ट्रेंथ लॅबची केस

सुरुवात झाली ओरलमध्ये. २०२२ चा डिसेंबर, एसई (दुसरं वर्ष) सिव्हिलची स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सची ओरल, एक्स्टर्नल म्हणून आलेले सर वयस्कर, शांत, घाई न करता फाईल चाळणारे. समोर आमच्या वर्गातली हुशार मुलगी. सरांनी टेन्शन टेस्टचं, म्हणजे यूटीएम मशीनवर सळी ताणून तोडायच्या प्रयोगाचं, पान काढलं, एका आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाळ, हे मॅक्सिमम लोड ४७.३५ किलोन्यूटन कसं वाचलंस?" ती म्हणाली, डायलवर. "रेंज कुठली लावली होती?" "शंभरची, सर." "लीस्ट काउंट?" तिनं फाईलीत बघून सांगितलं, ०.२. "मग शेवटचा पाच कुठनं आला?"

पोरगी गप्प. शेजारी इंटर्नल म्हणून मी बसलेलो, मीही गप्प. ०.२ च्या डायलवर, म्हणजे जिथं एकेक रेघ ०.२ ची, तिथं ४७.४ वाचता येतं, काटा दोन रेघांच्या मधे असेल तर फार तर ४७.३ म्हणाल, पण ४७.३५ कुणाच्या बापाला वाचता येणार नाही. सरांनी दुसरी फाईल उघडली, तिच्यातही ४७.३५. तिसरीत पण तेच. यील्ड (सळी कायमची ताणायला लागते तो लोड) सगळ्यांचं ३१.१५ आणि यंग्ज मॉड्युलस (स्टीलच्या ताठपणाचा आकडा) सगळ्या वर्गाचा २.०५ गुणिले दहाचा पाचवा घात, म्हणजे पुस्तकातला आकडा जवळजवळ जसाच्या तसा. सरांनी चहा घेतला, मार्क सगळ्यांना बरे दिले, आणि जाताना जिन्यात थांबून मला एवढंच विचारलं, "मशीन किती दिवस बंद आहे?"

मला उत्तर माहीत नव्हतं. लॅब इनचार्ज होऊन मला चारच महिने झाले होते, पण तो बहाणा झाला.

कॉलेजचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. पश्चिम महाराष्ट्रातलं, तालुक्याच्या ठिकाणचं, १९८३ साली वसंतदादांच्या काळात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळायला लागली तेव्हाच्या लाटेतलं. मशीन आहे ४०० किलोन्यूटनचं हायड्रॉलिक यूटीएम, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन, जुन्या लोकांच्या भाषेत 'चाळीस टनी'. डेड स्टॉक रजिस्टरला १९८६ ची नोंद आहे. कॉम्प्युटर वगैरे काही नाही, मोठा गोल डायल, मागं पेंड्युलम, आणि पेंड्युलमला वजनं लावून ४०, १००, २००, ४०० अशा चार रेंज बदलायच्या. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सळीचा तुकडा वरच्या आणि खालच्या जबड्यात धरायचा, पंपानं तेलाचं प्रेशर द्यायचं, रॅम वर सरकतो, सळी ताणली जाते आणि ती किती जोरात ताणली जातीय ते डायलवर दिसतं. सिव्हिलच्या पोराला पुढं आयुष्यभर ज्या स्टीलवर डिझाईन करायचंय ते स्टील कसं तुटतं, हे बघायची सगळ्या चार वर्षांतली ही एकच जागा.

तर ओरल संपल्यावर मी लॉगबुक काढलं. शेवटची नोंद मार्च २०२०, आमच्या जुन्या लॅब असिस्टंट काकांच्या तिरप्या अक्षरात: तारीख, बॅच, सळीचा व्यास, रेंज, तेलाची लेव्हल, सही. त्याच्या पुढं पानं कोरी. मग लॉकडाऊन. काका २०२१ मध्ये रिटायर झाले, त्यांची पोस्ट भरली नाही (अजूनही भरलेली नाही, ते वेगळं रडगाणं), आणि तीन लॅबचा चार्ज एका अटेंडंट मामांवर टाकला गेला, ज्यांना झाडणं-पुसणं, किल्ल्या आणि चहा एवढंच कुणी कधी सांगितलं होतं.

कॉलेज परत प्रत्यक्ष सुरू झालं २०२१ च्या दिवाळीच्या आसपास. कुणीतरी मशीन चालू करून बघितलं, मोटरचा आवाज आला, काटा हलला नाही. तक्रार वहीत एक ओळ आहे, "यूटीएम पंप प्रेशर घेत नाही." खाली सही नाही. त्या ओळीवर पुढं वर्षभर सगळा डिपार्टमेंट चालला. एक एजन्सीवाला आला, त्याला मशीन चालू करून दाखवलं, त्यानं बघितलं आणि नवीन पंपाचं एक लाख चाळीस हजारांचं कोटेशन दिलं. त्यानं मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही, आम्हीच त्याला सांगितलं होतं की पंप गेलाय. परचेस कमिटीत चर्चा झाली, कुणीतरी म्हणालं ३६ वर्षांच्या मशीनवर दीड लाख कशाला घालवता, त्यापेक्षा नवीन कॉम्प्युटराइज्ड घ्या. मग नव्याची तीन कोटेशनं मागवली, सगळ्यात कमी आलं ते आठ लाखांच्या वर, कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट झालं, फाईल संस्थेच्या ऑफिसला गेली, तिथनं शेरा आला, "पुढील आर्थिक वर्षात विचार व्हावा." म्हणजे जुनं दुरुस्त करायचं नाही कारण नवं येणारे, आणि नवं येत नाही कारण बजेट नाही. ज्यांनी कॉलेजात नोकरी केलीय त्यांना हे चक्र वेगळं समजावून सांगायला नको.

आणि प्रॅक्टिकल? प्रॅक्टिकल 'होत' होतं. बॅच लॅबमध्ये यायची, सर फळ्यावर कर्व्ह काढायचे, मशीनचे पार्ट दाखवायचे, व्हर्च्युअल लॅबवरचं सिम्युलेशन प्रोजेक्टरवर लावायचे, आणि रीडिंग "सीनियर्सकडून घ्या". मी त्या ४७.३५ चं मूळ शोधायचा नाद केला, कारण मला ते सतावत होतं. मुलांना सांगितलं, कुणाला काही होणार नाही, फक्त फाईल कुठनं आली ते सांगा. माग काढत काढत गेलो तर मूळ सापडलं २०२० च्या ऑनलाइन सेमिस्टरमध्ये. तेव्हा लॅब नाही पण सबमिशन पाहिजे अशी परिस्थिती, एका मुलाच्या चुलत भावानं दुसऱ्या कॉलेजातली फाईल पीडीएफ करून व्हॉट्सॅपवर टाकली, आणि त्या कॉलेजात डिजिटल डिस्प्लेवालं मशीन आहे, ज्यावर दोन दशांश दिसतात. ते दोन दशांश आमच्या काट्याच्या डायलवर येऊन बसले. रेंज आणि लीस्ट काउंट मात्र आमच्या जुन्या मॅन्युअलमधनं. कलम केलेलं झाड.

मुलांना मी फार दोष देत नाही. ४७.३५ ला ११३.१ नं, म्हणजे १२ मिलिमीटरच्या सळीच्या क्षेत्रफळानं, भागलं की चौरस मिलिमीटरला ४१८ न्यूटनच्या आसपास येतं, माइल्ड स्टीलला ४१० तरी पाहिजे, म्हणजे आकडा अगदी शहाण्यासारखा आहे. कुणी शंका घ्यायची? घ्यायची आम्ही.

आता मुख्य गोष्ट, जी सांगायला मला आजही थोडी लाज वाटते.

जानेवारीत नवीन सेम सुरू झालं. मी एका बॅचला मशीनपाशी उभं करून पार्ट दाखवत होतो. मशीनला मधला क्रॉसहेड असतो, तो वेगळ्या छोट्या मोटरवर स्क्रूनं वर-खाली होतो, सळीच्या लांबीप्रमाणं जागा करून घ्यायला. त्याची दोन बटणं, अप आणि डाउन. अप बटणाच्या वर पांढऱ्या पट्टीवर बॉलपेननं लिहून चिकटवलं होतं: "अप दाबले की खाली जाते. लक्ष द्या." ती पट्टी मी लॅब ताब्यात घेतली तेव्हापासून बघत होतो. मामांना विचारलं तर म्हणाले, "ते पहिल्यापास्नं हाय, सर." पहिल्यापासून म्हणजे त्यांना चार्ज मिळाला तेव्हापासून.

मी बॅचला सांगितलं, बटणं उलटी आहेत तेवढं लक्षात ठेवा. मागच्या रांगेत डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला एक पोरगा होता, सांगोल्याकडचा, घरची डाळिंबाची बाग. तो म्हणाला, "सर, फेज उलटे जोडलेत का? आमच्याकडं लाइनवाले डीपीवर काम करून गेले की विहिरीवरची मोटर अशीच उलटी फिरती. आवाज येतो, पाणी येत नाही."

आवाज येतो, पाणी येत नाही. मी तिथंच थांबलो. मोटरचा आवाज येतोय, प्रेशर येत नाहीये. बटणं उलटी चालतायत. दोन्ही मोटरा थ्री फेज. आणि लॉकडाऊनमध्ये बिल्डिंगचं मेन पॅनल बदललं होतं, नवीन केबल टाकली होती, त्याचं बिल मीच कुठल्यातरी कमिटीत मेंबर म्हणून बघितलं होतं. सगळे तुकडे वर्षभर डोळ्यासमोर होते, एक तर चक्क मशीनवर चिकटवलेला होता, आणि एमटेक झालेल्या आम्हा चार-पाच जणांपैकी एकालाही ते एकत्र जोडता आले नाहीत. आपल्याकडं शेतकऱ्याच्या घरातलं शेंबडं पोरगंही सांगेल की मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या. आम्ही त्यावर एक लाख चाळीस हजारांचं कोटेशन घेऊन बसलो होतो.

लगेच बटण दाबून बघायचा मोह झाला, पण दाबलं नाही. उलट्या दिशेनं पंप कोरडाच फिरत राहतो, जास्त वेळ फिरवला तर खरंच खराब होतो. फोन केला काकांना. म्हणलं, "काका, जरा येता का, मशीन बघायचंय." ते म्हणाले, "शनिवारी येतो, तोवर कुणाला हात लावू देऊ नका."

शनिवारी काका एसटीनं आले, येताना आपली पान्यांची जुनी पेटी घेऊन. आल्या आल्या डायलवरची धूळ रुमालानं पुसली, मग इलेक्ट्रिशियनला म्हणाले, एक सेकंद चालू कर आणि बंद कर. चालू असताना मोटरचा पंखा नुसता गरगरतो, कुठल्या बाजूला ते कळत नाही, पण थांबत येताना शेवटचे दोन-तीन वेढे डोळ्यांना दिसतात. काका पंख्याच्या जाळीपाशी वाकले होते. पंपाच्या अंगावर दिशा दाखवणारा बाण असतो, त्यावर तेलकट धुळीचा थर बसलेला, तो त्यांनी नखानं खरवडला. बाण एकीकडं, पंखा दुसरीकडं. काका एवढंच म्हणाले, "दीड वर्षं?"

इलेक्ट्रिशियन म्हणाला स्टार्टरला दोन वायरी बदलतो, दहा मिनिटांचं काम. इथं मात्र मी जरा थांबवलं, आणि ह्या सगळ्या प्रकरणात मी स्वतः केलेली एक शहाणपणाची गोष्ट कुठली तर ती हीच. म्हणलं नवीन पॅनलवरनं अजून काय काय चालतं ते आधी बघू. फेज सिक्वेन्स मीटर लावला तर आमच्या विंगचा सगळा सप्लायच उलटा निघाला. त्याच लाइनवर खालच्या मजल्यावर फ्लुइड मेकॅनिक्सची लॅब, तिथं पेल्टन व्हील टर्बाइनच्या रिगला थ्री फेज पंप आहे, आणि त्या लॅबचीही वर्षभराची तक्रार होती की टर्बाइनला हेड (पाण्याचा दाब) मिळत नाही. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी टाकतो, पण कमी आणि जोर नसलेलं, त्यामुळं तिथं तर शंकाही आली नाही, त्यांनी पंप जुना झाला म्हणून सोडून दिलं होतं. उलट काँक्रीट लॅबमधला मिक्सर पॅनल बदलल्यानंतर बसवलेला, त्यामुळं तो ह्या उलट्या सप्लायवर सुलटा जोडलेला. म्हणजे मेनला फेज सरळ केले असते तर दोन मशीन सुधारली असती आणि एक बिघडलं असतं. शेवटी मेन सरळ केलं, मिक्सरच्या वायरी बदलल्या, आणि प्रत्येक थ्री फेज मशीनपाशी जाऊन दिशा बघितली. त्याला दोन तास लागले, दहा मिनिटं नाही.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी. क्रॉसहेडला वर आणि खाली लिमिट स्विच असतात, टोकाला गेला की मोटर आपोआप बंद. फेज उलटे असताना क्रॉसहेड वर जाऊन वरच्या स्विचला टेकला तर तो स्विच अपचा सप्लाय तोडतो, पण तेव्हा वर नेणारं बटण डाउनचं असतं. म्हणजे स्विच काम करतो आणि मोटर थांबत नाही. वर्षभर ती पट्टी वाचून पोरं त्या बटणांशी खेळत होती. काही झालं नाही हे नशीब. "बटणं उलटी आहेत, लक्ष द्या" अशी पट्टी कुठल्याही लॅबमध्ये दिसली तर कृपा करून ती पट्टी लिहिणाऱ्याला शोधू नका, इलेक्ट्रिशियनला शोधा.

बरं, फेज सरळ झाले म्हणून मशीन लगेच चालू झालं असं नाही. प्रेशर आलं, काटा हलला, मामांनी टाळी वाजवली आणि त्याच वेळी मागच्या पाइपाच्या जॉइंटमधनं तेलाची धार सुटली. जवळजवळ तीन वर्षं न हलल्यानं रबरी ओ-रिंग वाळून कडक झाल्या होत्या. तेल काढलं तर काळं, तळाला गाळ, स्ट्रेनर बुजलेला. ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल आणलं, ओ-रिंग आणि वॉशर कोल्हापुरातनं, टाकी काकांनी स्वतः पुसली, आणि पुसायला सुती धोतराचं कापडच पाहिजे, धागे सुटणारं नको, म्हणून घरनं घेऊन आले दुसऱ्या दिवशी. जबड्यांचे दात स्केलनं (सळीवरच्या काळपट पापुद्र्यानं) भरलेले, ते तारेच्या ब्रशनं काढले, नाहीतर सळी घसरते आणि काटा कट्-कट् उड्या मारतो.

मग कॅलिब्रेशन. शेवटचं सर्टिफिकेट २०१९ चं. एनएबीएल (चाचणी लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या एजन्सीचा माणूस लोड सेल घेऊन आला, रेंजवार तपासलं. १००, २०० आणि ४०० च्या रेंज एक टक्क्याच्या आत आल्या, ४० ची रेंज बाहेर गेली, खालच्या बाजूला काटा अडकत होता. ती दुरुस्त करायला पेंड्युलमची सगळी जोडणी उघडावी लागणार होती, सोडून दिलं, डायलवर लिहून टाकलं की ४० ची रेंज वापरू नये. आम्हाला ती लागतही नाही फारशी, १२ ची साधी सळी शंभरमध्ये बसते, २५ ची टीएमटी तोडायला चारशे लागते, आणि ३२ ची तर फे ५०० ह्या ग्रेडची असेल तर ह्या मशीनवर तुटणारच नाही, तिला ४३८ किलोन्यूटन तरी लागतात. हे गणित आता मी मुलांना मशीन चालू करायच्या आधी करायला लावतो, रेंज कुठली लावायची ते त्यांनी ठरवायचं.

खर्चाचा हिशोब विचाराल तर: तेल, ओ-रिंग, सफाई मिळून साडेनऊ हजार, कॅलिब्रेशन जीएसटीसकट तेरा हजारांच्या आसपास, आणि परत असं होऊ नये म्हणून पॅनलला बसवलेला फेज रिव्हर्सलचा रिले अठराशे. साडेचोवीस हजारांच्या आत सगळं. गंमत म्हणजे एवढ्या पैशाला मंजुरी मिळवायला मला जेवढा त्रास झाला तेवढा आठ लाखांच्या फाईलीला झाला नव्हता. नवीन मशीन म्हणजे कॅपिटल, त्याचा फोटो निघतो, नारळ फुटतो, ब्रोशरमध्ये छापता येतं, विद्यापीठाची तपासणीची एलआयसी कमिटी आली की दाखवता येतं. तेलाच्या बादलीचा नारळ कोण फोडणार? आमच्या डिपार्टमेंटच्या बजेटात 'इक्विपमेंट' हे हेड होतं, 'कन्झ्युमेबल्स' होतं पण त्यात खडू-कागद-प्रिंटर, आणि 'मेंटेनन्स' ह्या हेडाखाली लिहिलेली रक्कम गेली तीन वर्षं शून्य होती, कारण कुणी मागितलीच नव्हती. काकांच्या काळात ते लागणाऱ्या किरकोळ वस्तू स्वतःच्या खिशातनं आणायचे आणि नंतर कधीतरी व्हाउचर करायचे, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. त्यांच्या दोन दिवसांच्या मानधनाचं व्हाउचर पास व्हायला चार महिने लागले. काका एकदाही विचारायला आले नाहीत.

मार्चमध्ये पहिली सळी तोडली. वीसची बॅच, त्यांच्या मागं दुसऱ्या बॅचची पोरं पण येऊन उभी, दारात मामा. १२ ची एमएस (माइल्ड स्टील), ६० मिलिमीटरची गेज लेंग्थ, म्हणजे ताणणं मोजायची लांबी, पंचनं खुणा करून. काटा हळूहळू चढत गेला, ३१ च्या पुढं गेल्यावर अचानक थांबला, जरासा मागं आला. पंप चालू, रॅम सरकतोय, आणि काटा जागेवर. तेवढ्यात सळीच्या अंगावरनं काळपट स्केल भुरभुर गळायला लागलं, एका पोरीनं ओरडून सांगितलं, "सर, सळीची साल निघतीय!" तेच यील्ड. पुस्तकात ती कर्व्हवरची एक छोटी आडवी रेघ असते. मग परत चढला, ४८ च्या जवळ पोचला, तिथनं काळा काटा उतरायला लागला आणि लाल काटा (सगळ्यात जास्त लोड धरून ठेवणारा) वर तसाच राहिला, सळीला मधे कंबर आली, आणि ठाक्. सगळे एकदम मागं सरकले, मीसुद्धा, आयुष्यात कितीदा ऐकलाय हा आवाज तरी. तुकडा हातात घेतला तर तुटलेलं टोक कोमट. तो तुकडा हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत फिरला. एका टोकाला वाटी, दुसऱ्याला सुळका.

मॅक्सिमम ४७.८. मुलांनी लिहिलं ४७.८. कुणीतरी विचारलंच, "सर, पॉइंट आठ की पॉइंट नऊ?" त्यावर पाच मिनिटं वाद झाला, आणि मी तो मिटवला नाही.

खरी मजा पुढच्या आठवड्यात आली, कॅलक्युलेशन घेऊन आले तेव्हा. यंग्ज मॉड्युलस कुणाचा ०.२ गुणिले दहाचा पाचवा घात, कुणाचा ०.१७. सगळे घाबरलेले, दोघांनी तर खोडून गुपचूप २.०५ करून आणलेलं. त्यांना बसवून सांगितलं की आकडा खोडू नका, तुमचं चुकलेलं नाही, तुम्ही सळीचं ताणणं मोजलंच नाहीये, मशीनच्या पट्टीवर रॅम किती सरकला ते मोजलंय, आणि त्यात जबड्यात सळीचं घसरणं, मशीनचं स्वतःचं वाकणं, सगळं धरलं गेलंय. सळी त्या टप्प्यात खरी ताणली जाते जेमतेम पाव मिलिमीटर, पट्टीवर दिसतात दोन-अडीच. ते पाव मिलिमीटर पकडायला सळीवर एक्सटेन्सोमीटर बांधावा लागतो. म्हणजे आधीच्या कुठल्याच फाईलीत, काकांच्या काळातल्या चांगल्या वर्षांतसुद्धा, २.०५ आमच्या ह्या पद्धतीनं येणं शक्य नव्हतं. हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं लोक ते रीडिंग तपासून सही करत होते, त्यात विद्यार्थी असताना मीही तसंच लिहिलेलं असणार.

आता बॅच पाच-पाचच्या गटात करतो, प्रत्येक गटाची स्वतःची सळी. व्यासाचा वर्ग भागिले १६२ करा, १२ च्या सळीचं मीटरला ०.८८९ किलो, आमचा तुकडा ४५० मिलिमीटरचा, म्हणजे चारशे ग्रॅम, साठ रुपये किलोनं चोवीस रुपये. एका गटाला चोवीस रुपयांचं स्टील. दोन तासांत चार सळ्या बसत नाहीत, ओढाताण होते, टाइमटेबलवाले सर कुरकुरतात. सिम्युलेशन आम्ही काढून टाकलं नाही, ते आदल्या आठवड्यात घरी करून यायचं ठरवलंय, ते त्या कामाला चांगलं आहे. सांगोल्याच्या पोरानं घरच्या बांधकामावरचा फे ५०० चा तुकडा आणला होता, वजन मीटरला ०.८५ भरलं, सळ्यांच्या आयएस १७८६ ह्या मानकाच्या मर्यादेत बसतं पण खालच्या कडेला, आणि तुटला ६८ ला, म्हणजे ६०० च्या वर, ५४५ पाहिजे होतं. त्यानं वडिलांना तिथनंच फोन लावला.

लॅब असिस्टंटची पोस्ट रिकामीच आहे. मी मामांना चालू-बंद, तेलाची लेव्हल आणि लॉगबुक एवढं शिकवलंय, ते आता नोंद स्वतः करतात, व्यास लिहायला कधी कधी विसरतात. आठवड्यातनं एकदा मशीन दहा मिनिटं रिकामं चालवायचं, सुट्टीतसुद्धा, हे काकांनी भिंतीवर लिहून ठेवलंय. नव्या मशीनची फाईल अजून संस्थेच्या ऑफिसात आहे, मी मागं घेतलेली नाही, आलं तर हवंच आहे.

एक्सटेन्सोमीटर कपाटात सापडला, मूळ लाकडी पेटीत, फक्त त्याचे दोन्ही डायल गेज जाम. ते मिरजेला दुरुस्तीला दिलेत. दर सोमवारी फोन करतो, दर सोमवारी पुढच्या आठवड्यात म्हणतात.